पावसाचे पाणी आणि मैल्याचे पाणी

पुण्यातला पूर लवकर ओसरतो. डोंगरउतारावर वसलेल्या गावाचा तो स्वभावच आहे, पाणी झपाट्याने येते आणि झपाट्याने जाते. रात्री कमरेएवढे पाणी असलेल्या गल्लीत दुसऱ्या दिवशी चिखल उपसणे चालू असते, तिसऱ्या दिवशी पंचनामे होतात आणि आठवड्याभरात विषय वर्तमानपत्रांतून संपतो. सरकारी रुग्णालयाचे वेळापत्रक मात्र वेगळे असते. आमच्याकडे पूर हप्त्याहप्त्याने येतो आणि दोन महिने येत राहतो.

पहिल्या दिवशी येतात ते बुडालेले, भिंतीखाली सापडलेले आणि विजेचा धक्का बसलेले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून जुलाब-उलट्या सुरू होतात. कॉलऱ्याचा जंतू पोटात गेल्यावर काही तासांत ते पाच दिवसांत आपले काम दाखवतो. आठवडा उलटला की ताप येऊ लागतात. उंदीर-घुशींच्या आणि जनावरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात उतरलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या भेगांतून, खरचटलेल्या कातडीतून शरीरात शिरतात आणि साधारण पाच ते चौदा दिवसांनी ताप आणतात. टायफॉइडला एक ते तीन आठवडे लागतात. डेंगीचे गणित आणखी लांबते. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस, डासाच्या अंगात विषाणू पिकायला साधारण तेवढेच, आणि चावल्यानंतर ताप यायला चार ते दहा दिवस. सर्वांत शेवटी येते कावीळ. हिपॅटायटिस ए दोन ते चार आठवड्यांनी, आणि हिपॅटायटिस ई बहुतेकदा पाच-सहा आठवड्यांनी, कधी दहा आठवड्यांनीसुद्धा. गणपतीच्या दिवसांत घरात शिरलेल्या पाण्याची कावीळ दसऱ्यानंतर उमटू शकते.

एवढ्या काळात पुराची आठवण कोणाला राहते? रुग्ण सांगत नाही, कारण त्याला दोन्हींचा संबंध वाटत नाही. महापालिकेच्या मलनिस्सारण विभागापर्यंत तर ही कावीळ पोहोचतच नाही. त्यामुळे ओढा-नाल्यांचा विषय अभियंत्यांचा आणि तापाचा विषय डॉक्टरांचा, अशी वाटणी कायमची होऊन बसली आहे. ही वाटणीच मला मान्य नाही. पावसाचे पाणी वाहून नेणारी व्यवस्था ही लसीकरणाइतकीच आरोग्यसेवा आहे, आणि तिचा हिशेब आरोग्य खात्यानेही मागितला पाहिजे.

त्यासाठी आधी आपल्या गावाची ठेवण पाहू. पुणे बशीत बसलेले आहे. दक्षिणेला कात्रजचा डोंगर, त्याच्या अलीकडे तळजाई आणि पर्वती, पश्चिमेला वेताळ टेकडी आणि बावधन-पाषाणच्या टेकड्या, नैर्ऋत्येला सिंहगड. या सगळ्यांवरून ओढे उतरतात आणि मुळा-मुठेला मिळतात. शहराची खरी पावसाळी गटारे तीच. रस्त्याकडेच्या जाळ्या आणि पाइप हे फक्त त्यांचे हस्तक.

आता एक साधे गणित. एक चौरस किलोमीटर उतारावर एका तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी होते पाच कोटी लिटर. ते सगळेच्या सगळे वाहिले तर सेकंदाला जवळजवळ चौदा हजार लिटर, म्हणजे धरणांच्या बातम्यांतल्या भाषेत सुमारे ४९० क्युसेक. प्रत्यक्षात सगळे वाहत नाही. झाडोरा आणि माती असलेल्या टेकडीवर त्यातला मोठा वाटा मुरतो, पालापाचोळ्यात अडतो, रेंगाळत खाली येतो. त्याच जागी डांबर, काँक्रीट आणि फरशी आली की दहातले आठ-नऊ भाग पाणी तत्काळ खाली धावते. पाऊस तोच असतो, पण ओढ्याला एकाच वेळी सोसावे लागणारे पाणी दुप्पट-तिप्पट होते. पुण्यात टेकडीफोड हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की, त्याचा पायथ्याच्या वस्तीशी काय संबंध, हे विचारायचेच राहून जाते. टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण असावे की नाही, यावर वर्षानुवर्षे चाललेला वाद आपण हिरवाईचा समजतो. तो निम्मा तरी खाली राहणाऱ्यांच्या जिवाचा आहे.

त्यात पाऊस पडण्याची रीतही बदलते आहे. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि मग सोडते तेव्हा एकदम सोडते. आपल्याच पाषाणच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. वर्षाचा एकूण पाऊस पाहून गटारे आखण्याचे दिवस गेले. तासाभरात किती कोसळतो, यावर आता सगळे ठरते.

आंबिल ओढा हे याचे उत्तम उदाहरण. कात्रजच्या डोंगरात तो उगम पावतो, तिथल्या पेशवेकालीन तलावांतून पुढे येतो आणि धनकवडी, पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर, पर्वती करत दांडेकर पुलाखालून मुठेला मिळतो. पूर्वी तो आजच्या मध्यवस्तीतून वाहत असे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात तो पश्चिमेकडे वळवला गेला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळे झाले. आजची सारसबाग म्हणजे त्याच तळ्याची जागा. ओढा हलवणे हे पुण्याला नवे नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. फरक एवढाच की, त्यांनी ओढा वळवताना त्याला दुसरी वाट करून दिली. आपण भिंत घालतो, पाइपात कोंबतो, वर पार्किंग करतो आणि त्याने आपली वाट स्वतः शोधावी अशी अपेक्षा ठेवतो.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याने ती शोधली. कात्रज आणि दक्षिण पुण्यात काही तासांत प्रचंड पाऊस कोसळला आणि ओढा काठावरच्या घरांत, सोसायट्यांच्या आवारात, रस्त्यांवर घुसला. अरण्येश्वर भागातील टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसे गेली. शहर आणि लगतच्या परिसरात मिळून वीसहून अधिक जणांचा त्या रात्री मृत्यू झाला. धरण फुटले नव्हते, नदीला महापूर नव्हता. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हापासून पुणेकरांच्या मनात पूर म्हणजे मुठा आणि धरण असे समीकरण बसले आहे. २०१९ चा पूर ज्या ओढ्याने आणला तो एरवी उडी मारून ओलांडता येतो.

२५ जुलै २०२४ चा पूर दुसऱ्या जातीचा होता. रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून पहाटे सुमारे पस्तीस हजार क्युसेकचा विसर्ग आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरी परिसरात लोक झोपेतून उठले ते पाण्यात. डेक्कनजवळ पुलाची वाडी येथे आपली हातगाडी सुरक्षित जागी हलवू पाहणारे तीन तरुण विजेच्या धक्क्याने गेले. नदीच्या पुराची सूचना देता येते, कारण दरवाजे माणूस उघडतो. ती कधी, कोणाला आणि किती आधी मिळाली, यावरून तेव्हा बराच वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. ओढ्याच्या पुराला दरवाजा नसतो. डोंगरावर पाऊस सुरू झाल्यापासून पायथ्याच्या घरात पाणी यायला तास-दीड तास मिळाला तरी पुष्कळ. म्हणून नदीसाठी भोंगा उपयोगी आहे, ओढ्यासाठी मात्र मोकळे पात्र, याला दुसरा इलाज नाही.

मृत्यूंचे आकडे लगेच मोजले जातात. मला इथे अधिक बोलायचे आहे ते न मोजल्या जाणाऱ्या गोष्टीबद्दल, म्हणजे पाणी कशात मिसळते याबद्दल.

आभाळातून पडणारे पाणी कोणाला कॉलरा देत नाही. शहरात दोन प्रकारच्या वाहिन्या असतात. एक पावसाळी, ती पाणी थेट ओढ्यात आणि नदीत सोडते. दुसरी मैलापाण्याची, ती शुद्धीकरण प्रकल्पाकडे जाते. कागदावर त्या वेगळ्या आहेत. जमिनीखाली त्यांचा संसार एकत्र चालतो. कित्येक इमारतींच्या गच्चीचे पाइप ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेले असतात, कारण तेच जवळ होते. कित्येक वस्त्यांचे सांडपाणी पावसाळी गटारात किंवा सरळ ओढ्यात सोडलेले असते, कारण ड्रेनेज लाइन तिथवर पोहोचलीच नाही. अनेक ठिकाणी मैलापाण्याची मुख्य वाहिनी खुद्द ओढ्याच्या पात्रातून टाकलेली आहे. उतार आयता मिळतो, जागा संपादन करावी लागत नाही. उन्हाळ्यात कोरड्या नाल्यात ओळीने उभी असलेली काँक्रीटची चेंबरे पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

मोठा पाऊस आला की या व्यवस्थेचे काय होते? मैलापाण्याच्या वाहिनीत तिच्या मापाच्या कित्येक पट पाणी शिरते. चेंबरची झाकणे उचलली जातात आणि कारंज्यासारखे पाणी वर उडते. खालच्या मजल्यावरच्या घरांत संडासाच्या भांड्यातून ते उलटे येते. रस्त्यावर पाणी तुंबले की कोणीतरी परोपकारी माणूस पहारीने ड्रेनेजचे झाकण उघडतो, तेव्हा पावसाचे आणखी पाणी मैल्यात जाते आणि थोड्या अंतरावर ते कोणाच्या तरी दारात बाहेर पडते. उघडे राहिलेले भोक पाण्याखाली दिसत नाही, हा वेगळाच धोका. २९ ऑगस्ट २०१७ च्या मुंबईतल्या पावसात नामवंत पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. दूषित पाण्याने होणाऱ्या यकृताच्या विकारांवर ज्यांनी आयुष्यभर उपचार केले, त्या डॉक्टरांचा बळी गटाराने असा घेतला.

इतके होऊनही गोष्ट पिण्याच्या पाण्यापर्यंत पोहोचली नसती तर बरे होते. पण नळाचा पाइप आणि ड्रेनेजचा पाइप बहुधा एकाच गल्लीत, हातभर अंतराने पुरलेले असतात. पाणी ठराविक वेळ येते आणि जाते. पुरवठा बंद झाला की पाइपातला दाब उतरतो आणि एखाद्या फुटक्या सांध्यातून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. बाहेर मैलामिश्रित पुराचे पाणी उभे असेल तर दुसऱ्या दिवशी नळाला पहिल्यांदा काय येईल, हे सांगायला डॉक्टर नको. चोवीस तास दाबाखाली पाणी देण्याच्या योजनेकडे लोक चैन म्हणून पाहतात. दाब असलेल्या पाइपात बाहेरची घाण शिरत नाही, हा तिचा खरा फायदा आहे.

या सगळ्याचा सर्वांत मोठा धडा आपल्या देशात दिल्लीने दिलेला आहे. १९५५ च्या पावसाळ्याअखेर यमुनेला पूर आला आणि तिने आपला प्रवाह बदलला. नजफगढ नाल्याचे मैलापाणी उलटे सरकत वझिराबादच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत पोहोचले. ते लक्षात येताच क्लोरीनची मात्रा वाढवली गेली. त्यामुळे टायफॉइड आणि हगवण फारशी पसरली नाही, सगळ्यांना हायसे वाटले असणार. काही आठवड्यांनी, डिसेंबर-जानेवारीत, कावीळ सुरू झाली. सुमारे २९ हजार लोक पिवळे पडले. गर्भवती स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण फार मोठे होते. त्या साथीत जपून ठेवलेले रक्तनमुने पुढे तपासले गेले आणि ही कावीळ ए किंवा बी प्रकारची नव्हे, एका वेगळ्याच विषाणूची आहे, असे १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. त्या संशोधनात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ सहभागी होते. आज आपण त्या विषाणूला हिपॅटायटिस ई म्हणतो.

क्लोरीन टाकूनही असे का घडते? गढूळ पाण्यातली माती आणि सेंद्रिय घाणच क्लोरीन खाऊन टाकते. जे उरते ते जिवाणूंना पुरते, चिवट विषाणूंना पुरेलच असे नाही. म्हणून नळाच्या तोंडाशी क्लोरीन किती उरले, हे मोजावे लागते. आपल्या आरोग्य कर्मचाऱ्यांची जुनी ओटी चाचणी तेच मोजते. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरले पाहिजे, साथीच्या दिवसांत त्याहून अधिक. पुरानंतरचे दोन महिने ही चाचणी ओढ्याकाठच्या प्रत्येक वस्तीत रोज व्हावी आणि तिचे आकडे वॉर्ड कार्यालयाच्या दारावर लागावेत. खर्च नगण्य आहे.

काही वाचकांना इथे जानेवारी २०२५ आठवेल. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलियन बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागोमाग आले आणि पुणे परिसरातील आकडा दोनशेच्या वर गेला. हातपाय लुळे पडलेली माणसे, काही कृत्रिम श्वासावर. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले आणि संशय गावच्या विहिरीच्या पाण्याकडे गेला. तो उद्रेक हिवाळ्यातला होता, त्याला पूर जबाबदार नाही. पण महापालिकेत नव्याने आलेल्या या गावांमध्ये लोकसंख्या शहराची आणि पाणी-गटाराची व्यवस्था खेड्याची, हे त्यातून ढळढळीत दिसले. त्याच गावांच्या डोक्यावर सिंहगडाचे डोंगर आहेत आणि पायाशी मुठा.

पावसाने विहिरीत जंतू कसे येतात याचे उदाहरण कॅनडातले आहे. ओंटारिओ प्रांतातल्या वॉकरटन या छोट्या गावात मे २००० मध्ये जोराचा पाऊस झाला. शेतातले शेणखत झिरपून गावाच्या उथळ विहिरीत गेले, क्लोरीनवर देखरेख नव्हती. पाच हजारांच्या आसपास वस्तीच्या गावात २,३०० लोक आजारी पडले आणि सात जण गेले. सापडलेले जंतू होते ई-कोलायची एक घातक जात आणि तोच आपल्या ओळखीचा कॅम्पायलोबॅक्टर. श्रीमंत देश, थंड हवा, नीटनेटके गाव, तरीही हे घडले. अमेरिकेत १९४८ ते १९९४ या काळातल्या पाण्याच्या साथींचा अभ्यास झाला तेव्हा निम्म्याहून अधिक साथींच्या आधी नेहमीपेक्षा फार मोठा पाऊस झालेला आढळला. पाऊस आणि पोट यांचे नाते गरिबीवर अवलंबून नाही. गरिबीने ते जवळ येते, एवढेच.

डासांबद्दल थोडक्यात, कारण गैरसमज फार आहेत. डेंगी, चिकुनगुन्या आणि झिका पसरवणारा एडिस डास गटारात वाढत नाही. गटारातला डास क्युलेक्स, तो वेगळा. एडिसला हवे असते साठलेले, तुलनेने स्वच्छ पाणी. पुरानंतर बाहेर टाकलेले सामान, टायर, ताडपत्रीच्या घड्या, बांधकामांची तळघरे, कोपऱ्यात पडलेला राडारोडा यांत ते मुबलक मिळते. आणि उतार चुकलेल्या नव्या पावसाळी चेंबरमध्येही. पाणी जायला केलेली जागाच पाणी साठवत असेल तर ती डासांची सरकारी वसाहत आहे. २०२४ च्या जूनमध्ये एरंडवण्यात झिका सापडला, तो काही झोपडपट्टीचा भाग नव्हे.

मग करायचे काय? दर वर्षी मे महिन्यात नालेसफाईची आकडेवारी प्रसिद्ध होते, किती टन गाळ काढला वगैरे. गाळ काठावरच ठेवला तर पहिल्या पावसात तो पुन्हा आत जातो, हे सर्वांना माहीत आहे. दुसरा आवडता उपाय म्हणजे मोठा पाइप. अरुंद ओढ्याला काँक्रीटच्या भिंती घालून, तळाला फरशी करून पाणी लवकर पळवायचे. त्याने वरच्या वस्तीची सुटका होते आणि खालच्या वस्तीवर तेच पाणी अधिक वेगाने आदळते. मला, एक डॉक्टर म्हणून, या पाइपांपेक्षा आधी एक गोष्ट हवी आहे. ओढ्याच्या पात्रातली मैलापाण्याची चेंबरे काठावर घ्या, त्यांची झाकणे पुराच्या पातळीच्या वर आणा आणि चुकीच्या जोडण्या शोधून तोडा. पाइपात धूर सोडून अशा जोडण्या शोधता येतात. गच्चीच्या पाइपातून धूर निघाला की कळते, त्याची जोडणी कुठे आहे. जपानच्या कर्जसाहाय्याने शहरात अकरा नवे मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्प उभे राहत आहेत. पावसाळ्यात पावसाचेच पाणी त्यांच्यात जाणार असेल तर प्रकल्पाची क्षमता संपेल आणि मैला बाजूने नदीत जाईल.

केंद्र सरकारच्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संस्थेने २०१९ मध्ये पावसाळी निचऱ्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तिका काढली. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर माधवराव चितळे यांच्या समितीने मिठी नदीपासून गटारांपर्यंत सगळे तपासले. ज्ञानाचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो जागेचा, आणि जागा कोणाकडून घ्यायची याबद्दलच्या धैर्याचा.

कारण ओढा रुंद करायचा तर कोणाला तरी हलावे लागते. २४ जून २०२१ ला दांडेकर पुलाजवळ आंबिल ओढ्याच्या काठची घरे महापालिकेने भर पावसाळ्यात पाडायला घेतली, लोक रस्त्यावर उतरले आणि न्यायालयाने कारवाईला स्थगिती दिली. ही घरे धोक्याच्या जागी होती, हे मी नाकारत नाही. तिथल्या मुलांना होणारे जुलाब आणि ताप आमच्याच रुग्णालयांत येतात. पण ओढ्याची वाट एकट्या झोपडीने अडवलेली नाही. वरच्या अंगाला ओढ्याचे वळण सरळ करून मिळवलेले भूखंड आहेत, काठाला भिडलेल्या सीमाभिंती आहेत, बुजवलेले लहान नाले आहेत, आणि ते मंजूर नकाशांवर आहेत. २९ जून २०१९ ला कोंढव्यात सीमाभिंत कोसळून पंधरा बांधकाम मजूर आणि त्यांच्या घरची माणसे गेली, ती भिंत झोपडपट्टीने बांधलेली नव्हती. धोरण असेल तर ते उगमापासून संगमापर्यंत एकच असावे, आणि ज्यांना उठवायचे त्यांना आधी घर मिळावे. तात्पुरत्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवलेले कुटुंब आमच्या हिशेबात अधिक धोक्यात असते, कमी नाही.

आरोग्य खात्याकडून माझी मागणी अगदी छोटी आहे. मोठ्या पावसानंतरच्या दहा आठवड्यांत शहरात नोंदलेली प्रत्येक कावीळ, लेप्टो, टायफॉइड आणि जुलाबाची साथ पत्त्यानिशी नकाशावर टाकावी आणि त्याच नकाशावर मलनिस्सारण विभागाने आपल्या वाहिन्या आणि तुंबलेली चेंबरे दाखवावीत. १८५४ मध्ये लंडनमध्ये जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचे मृत्यू असेच नकाशावर टाकले आणि बोट एका पंपाकडे गेले. त्यांच्याकडे संगणक नव्हता. आपल्याकडे दोन्ही विभागांची माहिती आहे, ती एका टेबलावर येत नाही. ठिपके जिथे दाटतील ती चेंबरे पुढच्या मे महिन्यात आधी दुरुस्त व्हावीत. नालेसफाईचे यश टनांत मोजण्यापेक्षा त्या वस्तीत कावीळ किती कमी झाली, यावर मोजता येईल.

हे होईपर्यंत घरी काय करावे, तेही सांगतो. घरात पाणी शिरण्याचा संभव असेल तर ते यायच्या आधी मुख्य स्विच बंद करावा; पाय पाण्यात असताना मीटर, फ्रिज, मोटर कशालाही हात लावू नये. रस्त्यावर वाहत्या पाण्यात दुचाकी घालू नये, वीतभर खोल पाण्याचा लोंढासुद्धा माणसाला पाडतो. तळघरातली टाकी बुडाली असेल तर ती उपसून, घासून, जंतुनाशकाने धुऊनच पुन्हा भरावी. बहुतेक सोसायट्या वरची टाकी धुतात आणि खालची विसरतात. पाणी खळखळून उकळावे आणि झाकून ठेवावे. त्या पाण्यात चालावे लागले तर जखमा झाकाव्यात आणि घरी आल्यावर पाय साबणाने धुवावेत. लेप्टोला प्रतिबंध करणारी डॉक्सिसायक्लिनची मात्रा लागेल का, हे जवळच्या दवाखान्यात लवकर विचारावे, शक्यतो तीन दिवसांच्या आत. गर्भवती आणि लहान मुलांसाठी औषध वेगळे असते, त्यामुळे शेजाऱ्याची गोळी घेऊ नये. जुलाब लागले तर पहिल्या तासापासून जलसंजीवनी, सलाइनची वाट पाहू नये.

आणि ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, लघवी कमी किंवा गडद पिवळी झाली, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा की, अमुक तारखेला आमच्या घरात पाणी आले होते. गर्भवती स्त्रीच्या डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. पुराला दीड महिना झाला असला तरीही तारीख सांगा.